जुनी गाडी कुणाच्या नावावर?

शोरूममध्ये नव्या गाडीवरचं कापड ओढलं जातं, पेढे वाटले जातात, मोठी पुठ्ठ्याची चावी हातात घेऊन सगळ्या घराचा फोटो निघतो. मग गाडी थेट नसरापूरच्या बनेश्वराला किंवा आपल्या ग्रामदैवताला नेली जाते. नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. हे चालू असताना जुनी गाडी शोरूमच्या मागच्या यार्डात उभी असते. तिची चावी, आरसी आणि सह्या केलेले तीन-चार कोरे फॉर्म कोणीतरी घेऊन गेलेलं असतं. त्याची पावती बहुधा कोणी मागितलेली नसते.

भोर आणि वेल्हे तालुक्यांत गेल्या काही वर्षांत असे बरेच व्यवहार मी जवळून पाहिले. (वेल्ह्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला, पण तोंडी अजून वेल्हेच आहे.) त्यावरून माझं मत असं झालं आहे की नवी गाडी घेताना आपला माणूस फारसा फसत नाही. नव्या गाडीची किंमत चार शोरूमला फोन करून कळते. तो फसतो जुनी गाडी सोडताना. भाड्याची, म्हणजे लीजवरची गाडी बदलायची असो, कर्जाची असो किंवा कंपनीला लावलेली असो, अडचण तिथेच येते.

आधी लीजचं बघू. आपल्याकडे हा शब्द मुख्यतः नोकरदारांनी आणला. नसरापूर, कापूरहोळ, खेड शिवापूर या पट्ट्यातून पुण्याला, हिंजवडीला रोज ये-जा करणारी मुलं आहेत. त्यांच्यातल्या काहींना कंपनी पगाराचा भाग म्हणून गाडी देते. गाडी लीज कंपनीची, भाडं पगारातून, तीन-चार वर्षांनी परत. २०२० मध्ये मारुतीने महिन्याच्या भाड्यावर गाडी देण्याची योजना काढली, तेव्हा सुरुवातीच्या शहरांत पुणे होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीने विंडसर ही विजेवरची गाडी आणली आणि बॅटरी वेगळी भाड्याने दिली. गाडी ९ लाख ९९ हजारांपासून आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये, असा तो हिशेब होता. तरीही आपल्या दोन तालुक्यांत निव्वळ लीजच्या गाड्या थोड्याच. त्याला एक कारण करातही आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के वाहनकर लागतो, कंपनीच्या नावावर असेल तर २० टक्के. नऊ लाखांच्या गाडीवर एकीकडे ९९ हजार, दुसरीकडे १ लाख ८० हजार. गाडी लीज कंपनीच्या नावावर असेल तर हा फरक शेवटी भाड्यातूनच वसूल होतो.

लीज संपली की तीन वाटा असतात. गाडी परत द्यायची, मुदत वाढवायची, किंवा करारात आधीच लिहिलेल्या किमतीला ती विकत घ्यायची. परत देताना तपासणी होते, आणि आपल्या भागात खर्च निघतो तो इथेच. नसरापूरहून हिंजवडीला रोज जाऊन-येऊन सुमारे नव्वद-शंभर किलोमीटर होतात. वर्षाला अडीचशे दिवस धरले तर पंचवीस हजारांच्या आसपास. करारात वर्षाची मर्यादा त्याच्या निम्मीच असेल, तर जादा प्रत्येक किलोमीटरचे पैसे शेवटी एकदम मागितले जातात. पाबे घाटातून पानशेतला, वरंध्यातून महाडला गाडी नेली की खालचा पत्रा घासलेला असतोच. म्हणून लीज घेतानाच दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: जादा किलोमीटरचा दर आणि कोणता ओरखडा ‘नेहमीची झीज’ धरला जाईल. गाडी परत देण्याच्या दोन महिने आधी ओळखीच्या गॅरेजमध्ये डेंट काढून घेणं तपासणीच्या बिलापेक्षा स्वस्त पडतं.

विकत घेण्याची वाट मात्र मनावर घेण्यासारखी आहे. २०२१-२२ मध्ये चिपच्या टंचाईमुळे अमेरिकेत नव्या गाड्या मिळेनात आणि जुन्या गाड्यांचे भाव चढले. न्यू जर्सीकडे स्थायिक झालेल्या आपल्या अनेक कुटुंबांकडे लीजच्या गाड्या असतात. त्या वर्षांत ज्यांनी गाडी डीलरला परत करण्याऐवजी करारातल्या जुन्या किमतीला स्वतः घेतली, त्यांचा फायदा झाला. करारातला तो आकडा तीन वर्षांपूर्वी ठरलेला असतो, बाजारभाव आजचा असतो. गाडी सोडण्याआधी दोन्ही शेजारी मांडून पाहायलाच हवेत. याच्या उलटही घडू शकतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली येतो. त्याआधी ठरलेला करारातला आकडा आज जास्त वाटला, तर गाडी परत देऊन मोकळं व्हावं.

आता मोठा भाग, कर्जाच्या गाडीचा. कायद्याने लीज, भाडे-खरेदी आणि तारण यांना बरंचसं एकाच पंगतीत बसवलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ मध्ये तिन्हींचा विचार एकत्र आहे. कलम २ च्या व्याख्येनुसार अशा करारात ज्याच्या ताब्यात गाडी आहे तोच मालक. म्हणजे लीजवाल्याची आणि हप्तेवाल्याची जबाबदारी सारखीच, आणि सोडवणूकही बरीचशी सारखीच.

जमिनीच्या व्यवहारात आपण किती जागरूक असतो! सातबारा काढतो, इतर हक्कांत सोसायटीचा बोजा आहे का पाहतो, इसारपावती करतो, फेरफार मंजूर होईपर्यंत तलाठ्याकडे चौकशी करत राहतो. गाडीच्या आरसीवरही तसाच बोजा असतो. तो उतरवायला फॉर्म ३५ लागतो, त्यावर तुमची आणि वित्तसंस्थेची सही लागते. नाव बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. फेरफारासाठी खेटे घालणारा माणूस इथे मात्र कोऱ्या फॉर्मवर सह्या करून घरी येतो.

भाव कसा ठरतो, तेही नीट पाहायला हवं. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो. बाजूला उभ्या माणसाला आकडा कळत नाही. शोरूममधल्या एक्स्चेंजमध्येही तेच होतं, फक्त रुमालाच्या जागी एकच बेरीज असते. जुन्या गाडीचा भाव, नव्या गाडीवरची सूट, एक्स्चेंज बोनस, विमा, कर्ज, अ‍ॅक्सेसरीज हे सगळं एकत्र करून सेल्समन एक आकडा सांगतो: ‘एवढं वर द्या आणि गाडी घेऊन जा.’ या आकड्यात जुन्या गाडीला पन्नास हजार कमी लावून नव्या गाडीवर तीस हजारांची सूट दिली, तरी गिऱ्हाईक खुश होतो.

एक उदाहरण मांडतो. तीन वर्षांपूर्वी आठ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं. हप्ता साधारण १६,८०० रुपये. छत्तीस हप्त्यांत सहा लाखांवर पैसे भरले, तरी बँकेकडे अजून सुमारे ३ लाख ६६ हजार बाकी निघतात. शोरूम जुन्या गाडीचे ५ लाख २० हजार सांगतं. त्यात तीस हजार कंपनीचा एक्स्चेंज बोनस आहे, म्हणजे गाडीचा भाव ४ लाख ९० हजारच. कापूरहोळला ओळखीतला माणूस ५ लाख ३५ हजार द्यायला तयार आहे. फरक पंधरा हजारांचा. या पंधरा हजारांसाठी स्वतः गिऱ्हाईक शोधायचा, बँकेत जायचं, आरटीओला जायचं का? माझं उत्तर असं, की शोरूम अधिकृत असेल आणि कागद लगेच देत असेल, तर पंधरा हजार सोडावेत. फरक पन्नास हजारांचा असेल तर सोडू नयेत. पण हा विचार करायला आधी आकडे सुटे हवेत. म्हणून पहिल्या भेटीत जुन्या गाडीचं नावच काढू नये. नव्या गाडीचं कोटेशन लेखी घ्यावं, त्यात एक्स-शोरूम किंमत, वाहनकर, विमा, आणि हँडलिंगसारखं दुसरं जे काही असेल ते वेगवेगळ्या ओळींत असावं. गाडी दहा लाखांच्या वर असेल तर त्यावर एक टक्का टीसीएस येतो, तो प्राप्तिकराच्या विवरणात परत मागता येतो, हेही लक्षात ठेवावं.

बोनसबद्दल आणखी एक. जुनी गाडी आणि नवी गाडी एकाच नावावर किंवा जवळच्या नात्यात असावी, अशी अट बहुधा असते. आपल्याकडे जुनी गाडी वडिलांच्या नावावर आणि नवी मुलाच्या, हे नेहमीचं. नातं दाखवायला रेशनकार्ड सोबत असू द्यावं. बोनस नक्की कधी मिळणार हेही विचारावं, कारण जुन्या गाडीचं नाव बदलल्याचा पुरावा मिळाल्यावरच तो देण्याची पद्धत आहे. म्हणजे नाव लवकर बदलणं ही तुमचीच नाही, शोरूमचीही गरज आहे. याचा उपयोग करून घ्यावा.

डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांच्या विक्रीवर १८ टक्के कर ठरवला, तेव्हा गावागावांत गैरसमज पसरला की आपण जुनी गाडी विकली तर आपल्याला कर भरावा लागेल. तसं नाही. कर नोंदणीकृत व्यावसायिकाला आहे, आणि तोही त्याच्या नफ्यावर. घरगुती माणसाने दुसऱ्या माणसाला गाडी विकली तर काहीच नाही. ‘जीएसटी आहे म्हणून तुमच्या गाडीला भाव कमी’ असं कोणी म्हणालं, तर कर किती रुपये नफ्यावर धरला ते विचारावं.

कर्ज फेडण्याचा दिवस ठरवून घेणं फार महत्त्वाचं. वरच्या उदाहरणात शोरूमने बँकेला ३ लाख ६६ हजार द्यायचे आणि उरलेले १ लाख ५४ हजार नव्या गाडीच्या डाउन पेमेंटमध्ये धरायचे, असं ठरतं. पण शोरूमने बँकेत पैसे चाळीस दिवसांनी भरले तर? मधला हप्ता तुमच्या खात्यातून जातो. खात्यात पैसे नसतील तर हप्ता चुकतो आणि सिबिलला तुमचं नाव लागतं, गाडी मात्र केव्हाच दुसऱ्याच्या ताब्यात. बँकेकडून फोरक्लोजरचं पत्र घ्यावं, त्यावर आकडा कोणत्या तारखेपर्यंत चालेल हे असतं, आणि त्या तारखेच्या आत पैसे भरल्याची पावती मिळेपर्यंत चावी देऊ नये. मुदतीआधी कर्ज फेडल्याचा दंड करारात किती आहे तेही पाहावं. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जांवर रिझर्व्ह बँकेने असा दंड बंद केला आहे, पण गाडीची कर्जं बहुतेक ठरलेल्या दराची असतात, त्यांना तो लागू शकतो. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत करणं आणि बोजा उतरवणं बँकेवर बंधनकारक आहे. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. तालुक्यातल्या किती जणांनी तो वापरला असेल!

नवं कर्ज शोरूममध्येच घ्यायला सांगतात. घ्यायला हरकत नाही, पण ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्यांचं एक विवरणपत्र देणं बंधनकारक आहे. त्यात सगळ्या शुल्कांसह वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. आपल्या जिल्हा बँकेचा किंवा पतसंस्थेचा दर त्याच्या शेजारी ठेवावा. ब्रिटनमध्ये गाडीच्या कर्जावर डीलरला मिळणाऱ्या लपवलेल्या दलालीचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १ ऑगस्ट २०२५ च्या निकालात बहुतेक मुद्दे बँकांच्या बाजूने लागले. पण एका ग्राहकाच्या बाबतीत कोर्टाने कर्ज देणाऱ्याचं वागणं अन्याय्य ठरवलं, कारण दलाली कर्जावरच्या एकूण व्याज-शुल्काच्या ५५ टक्के होती आणि ती त्याला सांगितलेली नव्हती. आपणही विचारावं: या कर्जावर तुम्हाला किती मिळतं?

विम्याचं थोडक्यात. क्लेम न घेतल्याची सूट, जिला एनसीबी म्हणतात, ती गाडीची नसून मालकाची असते. पाच वर्षं क्लेम नसेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत. जुनी गाडी देताना विमा कंपनीकडून ते पत्र घेतलं तर नव्या गाडीला ती सूट लागते, आणि पत्र तीन वर्षं चालतं. शोरूम हे आपणहून क्वचित सांगतं. विमा शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती करता येत नाही.

आता सगळ्यात जड गोष्ट. माझ्या चुलत्यांनी चार वर्षांपूर्वी जुनी गाडी पुण्यातल्या एका शोरूमला दिली. नवी गाडी घरी आली, सगळं छान झालं. सात-आठ महिन्यांनी त्यांच्या मोबाईलवर ई-चलान आलं. जुनी गाडी मराठवाड्यातल्या कुठल्यातरी रस्त्यावर सुसाट जात होती. शोरूमला फोन केला तर गाडी एका दलालाला दिली होती, दलालाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. चुलत्यांच्या सह्यांचे फॉर्म कोरेच फिरत होते. नाव काढून घ्यायला त्यांना पुण्याचे सहा हेलपाटे झाले. भोरपासून पुणे पन्नासेक किलोमीटर, वेल्ह्यापासून त्याहून जास्त. एक हेलपाटा म्हणजे एक दिवसाची रोजंदारी आणि दोन वेळचं दूध दुसऱ्याच्या भरवशावर. शोरूमला हे माहीत असतं, आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ हे त्याचं सगळ्यात स्वस्त उत्तर आहे.

चलान हे तर काहीच नाही. सुप्रीम कोर्टाने ६ फेब्रुवारी २०१८ ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. तिथे गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदलेल्या मालकावर आली. गाडी तुम्ही कधीच विकली असली तरी आरटीओच्या दप्तरात नाव तुमचं असेल, तर अपघातात गेलेल्या माणसाच्या घरच्यांचा दावा तुमच्यावर येतो. एखाद्याचं शेत विकावं लागेल इतका हा दावा मोठा असू शकतो.

म्हणूनच १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले नियम प्रत्येकाने लक्षात ठेवावेत असं मला कळकळीने वाटतं. जुन्या गाड्या घेणाऱ्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते पाच वर्षं चालतं. तुम्ही गाडी अशा डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म २९ सी ऑनलाइन भरून त्याची नोंद करायची. ती नोंद झाल्यापासून गाडीचा मालक तो डीलर मानला जातो, आणि पुढे जे होईल ते त्याच्या माथ्यावर. गाडी त्याला चाचणी, तपासणी, दुरुस्ती यांसारख्या कामांपुरतीच चालवता येते. जुनी गाडी द्यायची वेळ आली की शोरूममध्ये ‘तुमचं अधिकृत प्रमाणपत्र दाखवा, आणि २९ सी माझ्यासमोर भरा’ एवढं म्हणायचं. हे ऐकून सेल्समनचा चेहरा बदलला, तर गाडी घेऊन घरी यावं. अधिकृत नसलेल्या माणसाला गाडी विकायचीच असेल, तर चौदा दिवसांत विकणाऱ्याने आरटीओला कळवायचं आणि तीस दिवसांत घेणाऱ्याने नाव बदलून घ्यायचं, हा कायद्याचा जुना नियम आहे. फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख घातल्याशिवाय सही करू नये.

कंपनीला लावलेल्या गाड्यांचा प्रश्न जरा निराळा. शिरवळ, खेड शिवापूरच्या कारखान्यांना आणि सरकारी कार्यालयांना आपली कितीतरी मुलं पिवळ्या पाटीची गाडी महिन्याच्या भाड्याने लावतात. खरं तर इथली लीज म्हणजे हीच. आपण गाडीचे मालक आणि कंपनी भाडेकरू. करार संपला की कंपनी नवी गाडी मागते आणि मुलगा जुनी शोरूमला देऊन नवीन कर्ज घेतो. अशा गाडीला फिटनेस लागतो, पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. फिटनेस संपायला दोन महिने असताना गाडी विकायला काढली की भाव पडतो. तो करून घेऊन मग विकावी. आणि नव्या गाडीचं कर्ज घेण्याआधी कंपनीचा करार लेखी हातात हवा. ‘साहेब म्हणालेत लावू’ यावर पाच वर्षांचे हप्ते उभे करू नयेत.

तंटा झालाच तर पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच होते, आणि ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. ऑनलाइन दाखल होते, आणि सुनावणी व्हिडिओवर घेण्याची मागणी करता येते. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पण आयोगासमोर बोलतो तो कागद. चावी, आरसी, फॉर्म कोणत्या तारखेला कुणाला दिले याची शिक्क्याची पावती नसेल, तर तिथेही हात बांधलेलेच राहतात.

ज्यांनी गेल्या पाच-सहा वर्षांत जुनी गाडी शोरूमला किंवा दलालाला दिली, त्यांनी आजच एम-परिवहन अ‍ॅपवर त्या गाडीचा नंबर टाकून पाहावा. मालकाच्या जागी अजून तुमच्याच नावाची अक्षरं दिसली, तर उद्याच्या पहिल्या एसटीने पुणे गाठा.